झाकण नसतानाही डॉक्सो आम्लात सुटतंय, मग झाकणाचं श्रेय किती?

निशाचर_लॅबवाला:
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी एमसीएम-४१ जातीचे सच्छिद्र सिलिकाचे नॅनोकण बनवलेत. आत डॉक्सोरुबिसिन (डॉक्सो) हे कॅन्सरचं औषध, वरून कायटोसान या पॉलिमरचा थर, तेच झाकण. रक्ताच्या ७.४ पीएचला थर मिटलेला राहणार, पेशीच्या लायसोसोममध्ये, म्हणजे आतल्या आम्लधर्मी कप्प्यात, ५ च्या आसपास कायटोसानचे अमाइन गट प्रोटॉन घेऊन फुगणार आणि औषध सुटणार, ही नेहमीचीच कल्पना. आलेख झकास आला. मग सर म्हणाले, थर न दिलेले कणही लाव. लावले, तर तेही ५ ला भरपूर सोडतात आणि ७.४ ला जवळपास काहीच नाही! प्रबंधात ‘आम्लाला उघडणारं झाकण’ लिहू की नको?

सिलिकाताई:
सरांना चहा पाज. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा संच, बरेच जण लावतच नाहीत.

उघडं सिलिका असं का वागतं? ७.४ ला त्याच्या पृष्ठभागावरच्या सिलॅनॉल (Si–OH) गटांवर बऱ्यापैकी ऋणभार असतो आणि डॉक्सोचा अमाइन धनभारित, म्हणून औषध छिद्रांच्या भिंतीला धरून बसतं. ५ ला तो ऋणभार घटतो, पकड ढिली होते. २००१ साली माद्रिदच्या मारिया व्हाले-रेजी यांच्या गटाने एमसीएम-४१ मध्ये आयबुप्रोफेन भरलं, तेव्हा झाकणबिकण काही नव्हतं. छिद्र आणि भिंत, एवढ्यावरच औषध हळूहळू सुटत होतं.

मला जास्त शंका तुझ्या ७.४ च्या सपाट रेषेची आहे. पीएच स्थिर ठेवणाऱ्या फॉस्फेट बफरमध्ये डॉक्सोचे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठे करतात, शिवाय प्लॅस्टिकला आणि कण ज्यात ठेवतोस त्या डायलिसिसच्या पिशवीलाही चिकटतात. म्हणजे औषध कणातून सुटलं तरी बाहेरच्या द्रावणात दिसणार नाही, आणि तू लिहिणार ‘गळती शून्य’. तेव्हा कण न घालता नुसतं मोकळं डॉक्सो दोन्ही पीएचला पिशवीत लाव. त्यातही असाच फरक दिसला, तर तो पिशवीचा आणि विद्राव्यतेचा. थर दिलेले आणि न दिलेले कण यांच्यात जो फरक उरेल तेवढंच झाकणाचं श्रेय.

६.५ लाही एक संच लाव. गाठीच्या आसपासचा द्रव ५ इतका आम्ल नसतो, साधारण ६.५ ते ६.९. पीएच ५ चे आकडे दाखवून ‘ट्यूमरच्या आम्लतेत सुटतं’ असं लिहिलेलं वाचलं की माझं डोकं उठतं.

जळगावची_मेघा:
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या काकूला ते डॉक्सोचं लाल सलाईन चालू आहे, हृदयाची तपासणी करत करत देतात. हे कण भारतात कुठे मिळतात का?

सिलिकाताई:
मेघाताई, नाही. हे अजून प्रयोगशाळेतलंच काम आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे सिलिकाचे कण माणसांत तपासले गेले, पण ते भरीव होते आणि गाठ स्कॅनमध्ये दिसावी यासाठी होते. तुमच्या उपयोगाचं म्हणजे लायपोसोममधलं, म्हणजे चरबीच्या सूक्ष्म कुप्यांत भरलेलं, डॉक्सोरुबिसिन. त्याला अमेरिकेत १९९५ सालीच मंजुरी मिळाली, आपल्याकडेही मिळतं. हृदयाला त्याचा त्रास कमी, पण हातापायांची कातडी सोलवटते, आणि प्रत्येक कॅन्सरला ते देत नाहीत. काकूंच्या डॉक्टरांना नाव घेऊनच विचारा.

जुना_रसायनवाला:
निशाचर, छिद्रं घडवायला वापरलेलं साबणासारखं सीटॅब कसं काढलंस? भट्टीत ५५० अंशाला की आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये उकळून? छिद्रांत ते उरलं तर पेशी सीटॅबनेच मरतील आणि कौतुक डॉक्सोचं होईल. रिकामे कणही पेशींवर टाकून बघ.

निशाचर_लॅबवाला:
अल्कोहोलमध्ये, दोनदा. रिकामे कण लावतो. ताई, पिशवी १२ किलोडाल्टनची आहे, म्हणजे त्याहून लहान रेणू बाहेर सोडणारी, मोकळ्या डॉक्सोला तीच चालेल?

सिलिकाताई:
चालेल, डॉक्सो ५४४ डाल्टनचंही नाही. बाटल्यांना फॉइल गुंडाळ, उजेडात ते बिघडतं. आणि सगळं संपल्यावर पिशवी आतून धुऊन तिथे किती डॉक्सो उरलं तेही मोज, हिशेब जुळला पाहिजे.