टांझानियात गणित शिकवायला जायचंय, चार आठवड्यांसाठी पैसे भरावेत का?

राजारामपुरी_९वी_गल्ली:
बी.एस्सी. (गणित), बी.एड. झालंय. सरकारी शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीकडं डोळे लावून बसलेय, तोवर एका क्लासमध्ये आठवी ते दहावीचं गणित घेते. एका संस्थेची जाहिरात बघितली. टांझानियातल्या मोशी गावात गरीब मुलांच्या शाळेत चार आठवडे शिकवायचं, सुट्टीच्या दिवशी अनाथालयात मदत करायची आणि शेवटी सफारी. पैसे मागतायत ते माझ्या सहा महिन्यांच्या पगाराएवढे. निघायची तारीख १० जून. आई म्हणते, "इथल्या पोरांना कोण शिकवणार?" बाबा काहीच बोलत नाहीत. मला मनापासून जायचंय. चार आठवड्यांत काही उपयोग होतो का? तिथं गणित कुठल्या भाषेत शिकवतात? कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.

कागलचे_मास्तर:
मी मोशीच्याच बाजूला राहून आलोय, म्हणून सविस्तर लिहितो. मोशीच्या दक्षिणेला आपल्यासारखाच ऊस आहे. माझा मेहुणा तिथल्या साखर कारखान्यात केमिस्ट होता. निवृत्त झाल्यावर मी त्याच्याकडं गेलो आणि जवळच एका ट्रस्टच्या शाळेत गणित शिकवलं. शिक्षण मध्येच सुटलेल्यांसाठीची शाळा ती. कुणी बाजारात ओझी वाहणारा, कुणी गुरांमागं गेलेला, आणि बऱ्याच आई झालेल्या मुली. दिवस गेलेल्या मुलीला तिथं सरकारी शाळेतून काढून टाकत. बाळंत झाल्यावर परत यायची मुभा सरकारनं दिली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. माझ्या वर्गातली एक मुलगी तान्हं पाठीला बांधून मागच्या बाकावर बसायची. ते झोपलं की फळ्याशी येऊन समीकरण सोडवायची, आणि बरोबर सोडवायची.

आता भाषेचं. प्राथमिकला तिथल्या सरकारी शाळांत बहुतेक सगळं स्वाहिलीत, म्हणजे तिथल्या राष्ट्रभाषेत. माध्यमिकचा पहिला वर्ग, म्हणजे फॉर्म वन, लागला की जवळपास सगळं इंग्रजीत. आपल्याकडं सेमी-इंग्लिशला गणित-विज्ञान तेवढं बदलतं; तिथं भूगोलसुद्धा. पोरगं अपूर्णांक तोंडी करतं, पण इंग्रजीतलं शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली ठेवतं. फॉर्म फोरच्या, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्गाच्या, शेवटी, नोव्हेंबरात, राष्ट्रीय परीक्षा असते, आपल्या दहावीसारखी. त्यात गणितात नापास होणारे सगळ्यात जास्त. माझी खात्री आहे की यातले निम्मे गणितात नाही, वाचण्यात अडकतात.

आम्ही असं करायचो. तिथल्या बाई उदाहरण आधी स्वाहिलीत सांगायच्या, बाजारातल्या केळ्यांचं नाहीतर डालाडालाच्या भाड्याचं (डालाडाला म्हणजे तिथली वडाप). पोरं तोंडी उत्तर काढायची. मग तेच उदाहरण मी इंग्रजीत फळ्यावर लिहायचो आणि कुठलं वाक्य कुठली क्रिया सांगतंय ते पोरांकडूनच काढून घ्यायचो. बाईंशिवाय मला यातलं काहीही जमलं नसतं. म्हणून सांगतो, तिथल्या शिक्षकाच्या जागी उभं राहू नकोस, त्याच्या शेजारी उभी राहा. तू गेल्यावर वर्ग त्यालाच चालवायचाय.

चार आठवडे फार कमी आहेत. पोरं तुझ्या उच्चाराला सरावतात तोवर तू निघालेली असतेस. आणि तारखेनं तर मी चक्रावलोच. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि जूनमध्ये मोठी सुट्टी असते. १० जूनला जाऊन तू कुणाला शिकवणार, हे संस्थेला विचार. परवान्याचंही विचार. पर्यटक व्हिसावर शिकवता येत नाही, फुकट शिकवलं तरी. स्वयंसेवकांसाठी 'सी' वर्गाचा निवासी परवाना लागतो.

अनाथालयाला मात्र माझा साफ विरोध आहे. जगभर अशा ठिकाणच्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. पाहुणे आणि पैसे येत राहतात म्हणून मुलं घरी जात नाहीत. दर महिन्याला नव्या ताईचा लळा लागायचा आणि ती निघून जायची, हे लेकरांना कशासाठी?

सिस्टर_सीपीआर:
मी नर्स आहे. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल तर पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीचं आधीच बघा. केनिया आणि इथिओपिया दोन्ही पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या यादीत आहेत. लशीचा दाखला नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि ती सरकारमान्य केंद्रातच मिळते. दाखला आता आयुष्यभर चालतो. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. मलेरियाच्या गोळ्याही त्यांनाच विचारून.

तालमीचा_गोलकीपर:
ताई, फुटबॉल घेऊन जा. नैरोबीच्या मथारे वस्तीत १९८७ पासून पोरांची फुटबॉल संघटना आहे. वस्तीतला कचरा उचलला की संघाला लीगमध्ये गुण मिळतात. आपल्या पेठांतल्या पोरांना हे सांगितलं तर लगेच पटेल.

राजारामपुरी_९वी_गल्ली:
मास्तर, तारखेचं संस्थेला विचारलं. "त्या वेळी मुलांसाठी उपक्रम असतात," एवढंच उत्तर आलं. पैसे भरत नाही. पण जायचं मनातून जात नाही. आता काय करू?

कागलचे_मास्तर:
मग जानेवारीचं बघ. पूर्ण सत्रासाठी. थेट शाळेच्या मुख्याध्यापकांना लिही आणि गणिताचा शिक्षक हवाय का, कुणाच्या वर्गात, तू परतल्यावर पुढं कोण घेणार, हे विचार. तिन्हीची उत्तरं आली तरच तिकीट काढ. मी होतो त्या शाळेचा पत्ता निरोपातून पाठवतो, बाई अजून तिथंच आहेत.

आणि आईंचा प्रश्न रास्त आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतील, पोरं फडावर असतील. कारखान्यावर साखरशाळा, म्हणजे या पोरांसाठीची शाळा, सुरू असेल तर चौकशी करून तिथं जा. शाळा मध्येच सुटलेलं पोरगं अपूर्णांकावर कुठं अडतं ते तिथं रोज दिसेल. टोळ्या परत जाईपर्यंत थांबायचं असेल तर मोशी त्याच्या पुढच्या जानेवारीवर टाक. घाई करू नकोस. गणिताच्या शिक्षकाची त्यांना तेव्हाही गरज असेल.