आधी पाय, मग पॅड

अंपायर एकाच वेळी बोलरचा पाय आणि बॅट्समनचं पॅड कसं बघतो, असं एकाने विचारलंय. एकाच वेळी नाहीच बघत! आधी नजर क्रीझवर (बोलरचा पाय जिथे पडतो ती रेषा), पाय पडला की झटकन वर, बॅट्समनकडे. ताशी १४० किमीचा चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर पोचतो, त्यातच हे सगळं. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुढच्या पायाचा नो-बॉल आता टीव्ही अंपायर बघतो, तेवढाच डोळ्यांना आराम.

आमच्या रविवारच्या मॅचला मात्र (चष्मा सांभाळत) तीच कसरत. रनआउटला मी आधी बाजूला सरकतो, थ्रो कुठून येतोय ते बघतो आणि मग डोळे रेषेवर रोवतो. चेंडूमागे नजर गेली की बॅट रेषेत कधी पोचली ते हुकलंच. कॉट-बिहाइंडला (बॅटची कड घेऊन विकेटकीपरकडे गेलेला झेल) तर कानच कामाचे, अन् नेमकी तेव्हाच शेजारून लोकल जाते.