मदत हवी आहे: डॅशबोर्ड न कापता पद्मिनीत ब्लूटूथ

घाईतला_भाऊ
वडिलांची पद्मिनी आहे. त्यात ब्लूटूथवाला सेट बसवायचाय. दोन दुकानं फिरलो, दोन्हीकडे ग्राइंडरच काढला. भोक मोठं करावंच लागेल म्हणे. बाबांनी त्या पत्र्यावर आजवर ओरखडा पडू दिलेला नाही, तेव्हा कापाकापी नाही म्हणजे नाही. पुढच्या रविवारी बहिणीच्या वरातीला गाडी हवी. 'गुगल करा' सांगायला कुणी येऊ नका, करून झालंय.

सोल्डरबापू
मॉडेल कुठल्या सालचं? आत्ताचा रेडिओ चालतो का? फोटो टाका.

घाईतला_भाऊ
६९ची. रेडिओ खरखरतो. साल कशाला हवंय? पद्मिनी म्हणजे पद्मिनी.

कुर्ला_११००
६९ची असेल तर ती पद्मिनी नव्हेच. फियाट ११००डी. पद्मिनी हे नाव १९७४पासूनचं. आरसी बघा.

निवांत_नाना
एवढा खटाटोप कशाला? लायटरच्या सॉकेटात लावायचा एफएम ट्रान्समीटर मिळतो. माझ्या अल्टोत मस्त चालतो.

सोल्डरबापू
नाना, ६९च्या रेडिओत एफएम कुठून येणार? भाऊ, पट्टीवर आकडे काय आहेत?

घाईतला_भाऊ
५५, ६०, ७०... शेवटी १६०. आणि लायटर नाहीये गाडीत.

सोल्डरबापू
म्हणजे मीडियम वेव्ह. नानांचा ट्रान्समीटर कितीही बोंबलला तरी याला ऐकू जायचा नाही.

रात्रपाळी
दुकानदार ग्राइंडर का काढतो ते ऐका. आजचा सेट १८० बाय ५० मिमीचा. जुना सेट दोन नॉबच्या दांड्यांवर नटांनी टांगलेला असतो, पत्र्यात फक्त दोन भोकं आणि काचेपुरती खिडकी. म्हणून जुना आहे तिथेच राहू द्या. ग्लव्ह बॉक्समध्ये छोटा ब्लूटूथ अँप (अँप्लिफायर), स्वतंत्र फ्यूज, आणि मागच्या ट्रेवर प्लायला कापड मढवून दोन स्पीकर. प्लाय नुसता ठेवायचा, एकही भोक नाही.
एक सांभाळा. जुना स्पीकर वापरणार असाल तर त्याची एक वायर बॉडीला गेलेली असू शकते. आजच्या अँपला ते चालत नाही. आउटपुटच्या दोन्ही वायरी जिवंत असतात, एक जरी बॉडीला टेकली तर अँपची आयसी (आतली चिप) जाते.

सोल्डरबापू
मग जुना रेडिओ नुसता शोभेला? मी माझा उघडला, पुण्याच्या तापकीर गल्लीतून ब्लूटूथ बोर्ड आणला आणि त्याचा आवाज व्हॉल्यूमच्या पॉटवर (नॉबमागच्या पोटेन्शियोमीटरवर) सोडला. तोच नॉब फिरवायचा, तोच स्पीकर वाजतो. बोर्डाला ५ व्होल्टच द्या, थेट बॅटरीवर लावाल तर धूर.

रात्रपाळी
बापू, ताशापुढे तो एवढासा स्पीकर ऐकू कुणाला येणार?

सोल्डरबापू
वरात एक दिवसाची. गाडी जन्माची.

मॉरिसवाला
आधी अर्थिंग तपासा!! माझ्या मॉरिस मायनरला पॉझिटिव्ह अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. चार्जरची बॉडी पत्र्याला टेकली आणि वायर लाल झाली.

कुर्ला_११००
फियाटला निगेटिव्हच असतो. पण मधे कुणी हात घातला असेल तर सांगता येत नाही. बॅटरीची कुठली केबल बॉडीला गेलीय ते बघा.

आरटीओ_अभ्यासू
गाडी ५० वर्षांवरची आहे. व्हिंटेज नोंदणी करून घ्या. नंबरात व्हीए येतं, फी २० हजार, मुदत १० वर्षं. मात्र मग रोज वापरता येणार नाही.

घाईतला_भाऊ
अहो, मी रेडिओचं विचारतोय.

मॉरिसवाला
आणि डायनामो आहे की अल्टरनेटर? डायनामो आयडलवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) चार्ज करत नाही. वरातीत गाडी तासभर आयडलवरच रांगते. त्यात हेडलाइट आणि गाणी. मांडवाच्या दारात धक्का मारावा लागेल. बॅटरी आदल्या रात्री भरून ठेवा.

घाईतला_भाऊ
डायनामो. रात्रपाळींचा मार्ग धरला, काल बसवलं. बॉडीला बॅटरीची काळी केबल आहे, म्हणजे निगेटिव्ह. आवाज दणदणीत आहे, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कुंईऽऽ वाढत जातं. शनिवारच्या आत काय करू?

रात्रपाळी
डायनामोचाच आवाज आहे. त्याच्या जाड वायरच्या टर्मिनलला १ मायक्रोफॅरडचा सप्रेशन कंडेन्सर (असला आवाज दाबणारा) लावा, त्याची बॉडी डायनामोच्या बॉडीला कसा. फील्डच्या बारीक टर्मिनलला अजिबात नको. अँपची निगेटिव्ह वायर डॅशच्या स्क्रूला लावलीय ना? ती सरळ बॅटरीवर न्या.

घाईतला_भाऊ
स्क्रूलाच लावली होती. ती बॅटरीवर नेली, निम्मी कुंई गेली. कंडेन्सर उद्या आणतो.

कुर्ला_११००
आरसी बघितलीत का?

घाईतला_भाऊ
बघितली. फियाटच लिहिलंय.