मदत हवी आहे: सहा दिवसांत तीन किलो उतरवायचं म्हणून लेक पाणीसुद्धा पीत नाही

नमस्कार. इथे कुस्ती, ज्यूदो, पॉवरलिफ्टिंग खेळलेले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. थोडं लांबलंय, पण कृपया शेवटपर्यंत वाचा.

आम्ही हर्णैचे. माझं सुक्या मासळीचं दुकान आहे. धाकटी लेक सोळा वर्षांची, तीन वर्षं कुस्ती खेळतेय आणि जीव लावून खेळतेय. येत्या शनिवारी तिची जिल्ह्याची शालेय स्पर्धा. सतरा वर्षांखालच्या मुलींत ४९ किलोचा गट आहे आणि त्यानंतर थेट ५३ चा. हिचं रोजचं वजन ५२ ते साडेबावन्न, म्हणजे ५३ मध्ये ती जेवूनखाऊन बसते. पण सर म्हणाले, ५३ मध्ये थोराड मुली असतात, पुढे घाटावरच्या भेटल्या तर टिकणार नाहीस, तू ४९ खेळ. रविवारी दुकानातल्या काट्यावर ५२.२० भरली. म्हणजे सहा दिवसांत ३ किलो २०० ग्रॅम घालवायचे. ज्या काट्यावर मी जवळ्याची पोती तोलते, त्याच्यावर ही पोर दिवसातून पाच-सहा वेळा चढते आणि लाल आकडे थांबेपर्यंत श्वास रोखून उभी राहते.

भात-भाकरी रविवारपासून बंद. सोमवारी भर दुपारी आत स्वेटर, वर पावसाळ्यातला रेनकोट चढवून किनाऱ्यावर धावून आली. ऑक्टोबरची दुपार तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे दोरीवरचा कपडा दिवसभर सुकत नाही, तिथे अंगावरचा घाम कुठे सुकणार? आणि घाम सुकला नाही तर अंग थंड कसं व्हायचं? परत आली तेव्हा चेहरा तांबडालाल, ओठ पांढरे. रेनकोट काढला तर बाहीतून पाणी ओघळलं.

काल रात्री अडीचला मला जाग आली. ती उशाशी बाटली घेऊन बसली होती. मला वाटलं, चला, पाणी तरी पितेय. दिवा लावला तर ती बाटलीत थुंकत होती. तोंडात चिंच धरून लाळ आणायची आणि थुंकायची, तेवढंच वजन उतरतं म्हणाली. बाटलीत चार बोटं थुंकी साठली होती. मी तिथेच खाली बसले.

समजावायला गेले की तिच्याकडे उत्तर तयार असतं. मी विनेश फोगटचं सांगितलं. तीही बरीच वर्षं ५३ मध्ये खेळायची, पॅरिस ऑलिंपिकला ५० मध्ये उतरावं लागलं. ६ ऑगस्ट २०२४ ला एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून फायनलला गेली, त्यात जपानच्या सुसाकीलाही हरवलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून बाद. लेक म्हणते, म्हणजे आणखी उतरवायला हवं होतं ना? आणि अमन सेहरावतनं एका रात्रीत ४.६ किलो उतरवून ब्राँझ आणलंच की. अगं बाय, तो एकवीस वर्षांचा, त्याच्याजवळ रात्रभर जाणते प्रशिक्षक जागे होते. तू सोळाची आणि तुझ्याजवळ रेनकोट.

आणखी दोन गोष्टींनी माझी झोप उडालीय. जिममधल्या एका मुलानं तिला लघवी जास्त होण्याची गोळी देऊ केलीय. तिनं अजून घेतलेली नाही, शपथेवर सांगते म्हणाली. दुसरं म्हणजे तिची पाळी दोन महिने आलेली नाही. तिला वाटतं सरावामुळे होतं, सगळ्याच मुलींचं होतं.

कुस्ती सोडवायची नाहीये मला. तिचे वडील बोटीवर असतात, घरात निर्णय घेणारी मीच. सरांनी तीन वर्षं एक पैसा न घेता शिकवलंय, त्यांच्याशी वाकड्यात शिरायचं नाही. त्यांच्यापुढे कसं बोलू? आणि तिला शनिवारपर्यंत काय खायला घालू?

प्रतिसाद १

ताई, आधी तिला पाणी द्या. बाकीचं नंतर वाचा.

मी बारा वर्षं मॅटवर होतो, आता चिपळूणकडे मुलं शिकवतो. पोरं हे सगळं मोबाइलवर बघून करतात. त्यात दाखवतात ते बहुतेक एमएमएवाले (पिंजऱ्यातल्या मिश्र मारामारीचा खेळ), त्यांचं वजन आदल्या दिवशी होतं. प्यायला, खायला, झोपायला अख्खा दिवस मिळतो. आपल्याकडे सकाळी वजन दिलं की थोड्या वेळात शिट्टी. एवढं सुकलेलं अंग तासा-दोन तासांत भरून येत नाही. मी सतराव्या वर्षी चार किलो उतरवून गेलो होतो. वजनात बसलो, पहिल्याच कुस्तीत मांड्या गोळा झाल्या आणि समोरच्यानं उचलून टाकला. तो माझ्यापेक्षा कमी ताकदीचा होता, हे आजही टोचतं.

दोन दिवस भात बंद केल्यावर वजन भराभर उतरतं, ती चरबी नसते. स्नायूंत साखर साठलेली असते आणि एक ग्रॅम साखरेबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, ते जातं. नेमकी तीच साखर कुस्तीत लागते.

अमेरिकेत १९९७ साली जेमतेम महिन्याभरात कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना दगावले. रबरी सूट घालून, कोंडलेल्या गरम जागेत घाम काढत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना (घाम काढायची गरम खोली) यांवर बंदी आली. तुमच्या लेकीचा रेनकोट म्हणजे तोच सूट.

सरांना "तुमचं चुकलं" म्हणू नका. एकट्यानं जा, रात्रीची बाटली आणि पाळीचं सांगा. मुली हे सरांना सांगत नाहीत, त्यांना माहीतच नसेल. मग म्हणा, यंदा ५३ मध्ये नाव द्या. ती अजून वाढतेय, पुढच्या वर्षी तसंही ४९ तिचं राहणार नाही.

जेवणात पेज, भात, अंडी, ताजी मासळी, सगळं द्या. फक्त शुक्रवारी रात्री सुकट, खारा बांगडा, लोणचं नको, मीठ पाणी धरून ठेवतं. दुकानचा काटा आणि तिथला काटा जुळेलच असं नाही, म्हणून हाताशी थोडा वाव ठेवा. वजन झाल्यावर मीठ घातलेली पेज, केळं आणि ओआरएस घोट-घोट.

प्रतिसाद २

मी डॉक्टर आहे. ती गोळी घरात येऊ देऊ नका. लघवीबरोबर पोटॅशियम जातं, त्यात अंग आधीच सुकलेलं असलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शिवाय ही औषधं उत्तेजकांच्या बंदी यादीत आहेत, स्पर्धेत आणि एरवीही.

पाळीचं "सगळ्यांचं होतं" म्हणून सोडू नका. खाणं मेहनतीला पुरत नाही तेव्हा शरीर आधी पाळी थांबवतं, आणि हीच हाडं भरण्याची वर्षं आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्त तपासा. शनिवारपर्यंत चक्कर आली, बोलणं असंबद्ध वाटलं, अंग भाजतंय असं लागलं, तर वाट न बघता अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

धागा काढणारीचा प्रतिसाद

दादा, डॉक्टर, दोघांचे आभार मानावे तेवढे थोडे.

संध्याकाळी सरांकडे जाऊन आले. बाटलीचं ऐकल्यावर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, वहिनी, रेनकोट मीच सांगितला होता, आम्हीही तसंच केलं होतं. नाव बदलायला उद्या दुपारपर्यंत वेळ आहे, ५३ मध्ये देतो म्हणाले, आणि तिच्याशी स्वतः बोलायला घरी आले. ती खूप रडली. ५३ मध्ये पहिल्याच फेरीत हरले तर, असं विचारत होती. सर म्हणाले, हरलीस तर ताकदीनं हर, उपाशी राहून नको.

रात्री पेज केली, वर तूप घातलं. पहिला वाडगा नाइलाजानं घेतला, दुसरा स्वतः मागितला. रेनकोट मी दुकानात नेऊन ठेवलाय. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली.

एक अजून विचारायचंय. शनिवारी पहाटे साडेचारला निघायचं आहे आणि वजनं सातला. निघण्याआधी तिला थोडी पेज दिली तर चालेल ना? आज सकाळी काटा ५१.४० दाखवत होता.