प्रतिसाद: गच्चीवरील सौरसंच आणि मंजुरीचे नियम

गच्चीवरील सौरसंचाच्या मंजुरीसाठी प्रत्येक नगरपालिकेने आपापले नियम करावेत, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. वीजजोडणीपुरता नियम वीजग्राहक हक्क नियमांच्या 2024 च्या केंद्रीय दुरुस्तीने एकसारखा केलाच आहे: 10 किलोवॉटपर्यंतचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीविना मंजूर धरला जातो आणि मंजूर भार (ग्राहकाला मंजूर असलेली विजेची कमाल मर्यादा) वाढवायचा झाल्यास तो वितरण कंपनीनेच वाढवायचा असतो.

खरी अडचण पॅनेल ज्यावर बसवतात त्या सांगाड्याची आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडया गच्चीवरच वाळतात, त्यामुळे पॅनेल डोक्याच्या वर उचलून घेण्याकडे लोकांचा कल असतो. मग हे बांधकाम की नुसता सांगाडा, हा प्रश्न हमखास उभा राहतो आणि त्याचे उत्तर जळगाव, धुळे, नंदुरबार येथे एकच असले पाहिजे. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारे वादळ पाहता उंचीची मर्यादा, खांबांची पकड आणि स्लॅबची ताकद यांचा एकच छापील तक्ता राज्याने द्यावा. तो पाळणाऱ्यास वेगळी परवानगी लागू नये. नेट मीटरच्या (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) तपासणीची तारीखही अर्जदाराला अर्जासोबतच मिळावी, कारण मार्च ते मे हेच भरघोस विजेचे महिने असतात आणि मीटरअभावी ते वाया गेल्यास सौरसंचासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.