फुलवाल्यांचं सामान: स्वतः बनवलेलंच विकावं की सगळंच ठेवावं?

परडीवाली
आमच्या घरी बुकेच्या बांबूच्या परड्या, तारेचे स्टँड आणि रॅपिंगचे कागद तयार होतात. धंदा वाढवायचा यावर घरात एकमत आहे. धाकटे दीर म्हणतात, ओॲसिस (फुलांचे देठ खोचायचा हिरवा फोम), रिबिनी, चमकी सगळं मागवून ठेवू, म्हणजे दुकानदाराला एकाच जागी मिळेल. माझा याला ठाम विरोध आहे. भांडवल परक्या मालात अडकलं की परड्या मागे पडणार. आणि तो फोम तर नकोच. 1954 मध्ये अमेरिकेत ओहायोत निघालेला हा फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा पदार्थ. चुरा होतो, कुजत नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. 2018 मध्ये आपल्याकडे थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली, तेव्हा माल भरून ठेवलेल्यांचे हाल आपण पाहिलेत.

गुलटेकडीकर
ताई, माझं फुलांचं दुकान आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. लग्नाच्या आदल्या रात्री स्टेजवर फोम संपला की मी फोमवाल्याला फोन लावतो. मग परड्याही त्याच्याकडूनच येतात. जाळी आणि पाण्याच्या भांड्यावर रचना करता येते, पण वेळ जास्त लागतो, टेम्पोत पाणी सांडतं आणि कारागिरांच्या हाताला ती सवय नाही. बंदीची भीती असेल तर एका लग्नसराईपुरताच माल भरा. दिरांचं बरोबर आहे.

परडीवाली
एका हंगामापुरता म्हटलं तरी जागा कुठून आणायची? फोम वजनाला हलका, पण खोकी खोली अडवतात. पावसाळ्यात आम्हाला तीच खोली बांबूसाठी लागते. नाहीतर बुरशी धरते, भुंगा लागतो.

हिशेबनीस
जागेपेक्षा उधारीचं बघा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे खरेदीदाराने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असतात. 2023-24 पासूनच्या आयकराच्या नियमानुसार, द्यायला उशीर झाला तर पैसे चुकते होईपर्यंत त्याला तो खर्च उत्पन्नातून वजा करता येत नाही. छोट्या फुलवाल्याला बहुधा याची झळ नाही, मोठ्या डेकोरेटरला आहे. मात्र हे संरक्षण बनवणाऱ्याला मिळतं, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. आणून विकलेल्या फोमची उधारी थकली, तर या नियमाचा आधार नाही. मी ताईंच्या बाजूने.

गुलटेकडीकर
कायदा दाखवून पैसे मागणाऱ्याकडून पुढच्या सीझनला माल कोण घेईल? हा धंदा तोंडओळखीवर चालतो. माझ्याकडे फोम मागणारं गिऱ्हाईक उद्याही येणार आहे.

मावळातला
दोघंही दुकानदारापाशीच अडकलात. आमच्याकडे पॉलिहाऊसवर जरबेराच्या एकेका फुलाला प्लॅस्टिकचं पाऊच चढतं, मग दहाची गड्डी बांधतात. तोडणी चालू असते, मुहूर्त असो नसो. या पाऊचऐवजी कागदी टोपी काढा. तुमचंच कौशल्य, तुमचाच कागद. फोमच्या व्यापारापेक्षा ही वाढ मला खरी वाटते.

परडीवाली
हे दिरांना आजच दाखवते. पण पहाटेच्या तोडणीला फूल ओलसर असतं ना? तो ओलावा कागदाने धरला तर पाकळ्या चिकटतील का, की आत मेणाचा हात द्यावा लागेल? थोड्या टोप्या करून दिल्या तर तुमच्याकडे लावून बघाल का?

मावळातला
पाठवा. पण मेण नको, फुलाला हवा लागली पाहिजे. तळाशी भोक ठेवा, आणि दोन मापं करा, सगळ्या जातींचं फूल सारख्या आकाराचं नसतं.