अपिलात आरोपी म्हणतो ‘मी तिथे नव्हतोच’. मैत्रिणीला पुन्हा साक्ष द्यावी लागेल का?

रानजाई:
माझ्या मैत्रिणीच्या बलात्काराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपीला दहा वर्षांची शिक्षा दिली. आता त्याने हायकोर्टात अपील केलंय. म्हणणं तेच, त्या रात्री तो कारखान्यात रात्रपाळीला होता, मस्टरवर सही आहे. उलटतपासात तिला दोन दिवस उभं केलं होतं. वेळ सांगताना ती एकदा ‘साडेनऊ’ म्हणाली, एकदा ‘दहाच्या सुमारास’. हायकोर्टात सगळं पहिल्यापासून होतं का? काल तिने विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

अपीलवाली वकील:
एकवीस वर्षं फौजदारी अपिलं चालवतेय, दोन्ही बाजूंनी. आधी तिला एवढं सांगा की सहसा पुन्हा साक्ष होत नाही. जादा पुरावा घेण्याची तरतूद आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९१, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ४३२), पण ती क्वचित वापरतात. हायकोर्ट कागद वाचतं: साक्षी, निशाण्या (पुराव्यात दाखल झालेले कागद आणि वस्तू), आरोपीचा ३१३ चा जबाब (पुराव्याबद्दल न्यायाधीश आरोपीलाच प्रश्न विचारतात तो; आता कलम ३५१). पुराव्याचं वजन नव्याने करायचा पूर्ण अधिकार त्यांना आहे. मात्र साक्षीदाराला बोलताना खालच्या न्यायाधीशांनी पाहिलेलं असतं, म्हणून त्यांच्या मताला मान असतो.

आता ॲलिबाय. मी दुसरीकडे होतो हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची (पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम १०३, आता साक्ष्य अधिनियमाचं १०६). बिनय कुमार सिंह विरुद्ध बिहार राज्य या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तो घटनास्थळी असण्याची शक्यताच उरू नये इतका तो पुरावा पक्का हवा. मस्टरवर सही म्हणजे आठ तास माणूस तिथेच होता असं नव्हे. मस्टर लिहिणाऱ्याची साक्ष झाली का? गेटची नोंद आहे का? अंतर किती? हा बचाव त्याने पहिल्याच संधीला घेतला, की थेट ३१३ च्या जबाबात?

तिच्या साक्षीबद्दल सुप्रीम कोर्टाचा १९९६ चा गुरमीत सिंग निकाल आहे: पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर दुजोऱ्याशिवायही शिक्षा होऊ शकते, आणि किरकोळ विसंगतींवरून ती फेकून देऊ नये. एरवी साडेनऊ की दहा हा फरक मी सोडून दिला असता. पण बचावच वेळेचा असेल तर त्या अर्ध्या तासावरच जोर देतील. म्हणून विचारते, पाळी किती वाजता सुरू होत होती?

निवृत्त तपास अधिकारी:
वकील मॅडमच्या म्हणण्यात भर घालतो. मोबाइलच्या कॉल नोंदी काढल्या होत्या का, ते बघा. टॉवर फोनचा ठावठिकाणा सांगतो, माणसाचा नाही. शिवाय त्या नोंदींसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं (जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६५ब, आता साक्ष्य अधिनियमाचं ६३); सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या खोतकर निकालाने ते पक्कं केलंय. आणि एक मनापासून सांगतो. ॲलिबाय खरा असू शकतो, हे धरूनच तो तपासायला हवा. मी एका प्रकरणात कारखान्यात स्वतः न जाता शिपायाला पाठवलं. त्याने गेटचं रजिस्टर पाहिलंच नाही. त्या चुकीचं ओझं आजही आहे.

रानजाई:
निकालाची प्रत आत्ता उघडली. पाळी रात्री अकराला सुरू. कारखाना तिच्या घरापासून सात किलोमीटर. टाइमकीपर साक्षीला आला होता. पाळी सुरू होण्याआधी आरोपी कुठे होता हे सांगता येत नाही, असं तो म्हणाला. न्यायाधीशांनी यावर पूर्ण दोन पानं लिहिलीत.

अपीलवाली वकील:
मग तिची दोन्ही उत्तरं पाळीच्या आधीचीच आहेत. साडेनऊ धरा नाहीतर दहा, मस्टर त्याला वाचवत नाही. तरीही लक्षात ठेवा, ॲलिबाय पडला म्हणून गुन्हा आपोआप सिद्ध होत नाही. सरकार पक्षाची बाजू स्वतःच्या पायावर उभी राहावी लागते. त्यामुळे तिची साक्ष, तिने त्याच रात्री कुणाला सांगितलं, वैद्यकीय अहवाल, हे सगळं वाचलं जाईल.

हायकोर्टात सरकारी वकील नवे असतील. टाइमकीपरच्या उलटतपासाची पानं खुणा करून त्यांच्याकडे पोचवा. जामीन अर्जावर तिचं म्हणणं ऐकून घ्यावं यासाठी तिच्या वतीने वकील उभा करा. अशी अपिलं सहा महिन्यांत निकाली काढावीत असं कायदा सांगतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. हे तिला आजच सांगा, तारीख लांबली की खचू नये म्हणून.

रानजाई:
आत्ता तिला फोन केला. सहसा पुन्हा उभं राहावं लागत नाही म्हटल्यावर ती रडली. पानांवर खुणा करायला रविवारी बसतोय.